दोन्हीकडे एकोणीस ओळी

सरकारची जी पत्रकं लोक न वाचता फडताळात अंथरतात, ती मी लिहिते. ‘उष्माघात झाल्यास काय करावे’ हे माझं. ‘घरमालक व भाडेकरू यांची कर्तव्ये’ हेही माझंच. ‘कुत्रा चावल्यास’च्या तर सात आवृत्त्या निघाल्या, पण त्याचं श्रेय सगळे कुत्र्यांनाच देतात. आमच्या विभागात आम्ही तिघं. विभागप्रमुख मॅडम, सगळ्या पत्रकांवर एकच हसरा माणूस काढणारा चित्रकार आणि मी. कुत्रा चावला तरी तो माणूस हसतोच.

देशानं महासंघातून बाहेर पडावं की आत राहावं यावर मतदान घ्यायचं ठरलं, तेव्हा घरोघर एक पत्रक वाटायचं असंही ठरलं. एका पानावर बाहेर पडण्याचे फायदे, दुसऱ्या पानावर तोटे. ते काम वरून खाली घरंगळत घरंगळत माझ्या टेबलावर येऊन थांबलं, कारण माझ्या खाली कुणी नव्हतं.

मॅडमनी मला आत बोलावून दार लावून घेतलं.

“दोन गोष्टी लक्षात ठेव. दोन्ही बाजूंना सारख्या ओळी. एक इकडे जास्त नको, एक तिकडे जास्त नको. आणि हे कुणी लिहिलं ते बाहेर कळता कामा नये. अगदी घरीसुद्धा.”

“ओळी किती?”

मॅडमनी ड्रॉवरमधून फुटपट्टी काढली आणि नमुन्याचा कागद मोजला. “एकोणीस बसतील.”

आता मला महासंघाबद्दल कितीसं माहीत? तेवीस वर्षांपूर्वी आपण त्यात शिरलो तेव्हा मी शाळेत होते आणि प्रत्येकीला एक निळा फुगा मिळाला होता. माझा शाळेच्या फाटकातच फुटला. एवढ्या अनुभवावर अडतीस ओळी लिहायच्या म्हणजे अवघडच. वाचनालयातून चार जाडजूड पुस्तकं आणली. पहिल्याच्या तिसऱ्या पानावर डुलकी लागली. मग डोक्यात आलं, आपण उगाच गाव धुंडाळतोय. जाणकार तर रोज संध्याकाळी आपल्याच टेबलाशी जेवायला बसतात.

एक माझे बाबा. सत्तरीचे, आई गेल्यापासून आमच्याकडे वरच्या खोलीत राहणारे. बावीस वर्षं सीमानाक्यावर कस्टम अधिकारी होते. आपण महासंघात शिरलो आणि नाका बंद झाला. मग सरकारनं त्यांना होड्यांच्या परवान्यांच्या खात्यात टाकलं. होडी म्हटली की बाबांना मळमळतं. तरीही, महासंघात राहायलाच हवं असं ते टेबलावर बोट आपटून सांगत.

दुसरा माझा नवरा. चार छोट्या गाड्यांचं ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकणाऱ्यांपेक्षा जास्त ब्रेक तोच दाबतो म्हणून गावात त्याला ‘ब्रेकमास्तर’ म्हणतात. त्याला बाहेर पडायचं होतं. कालच पडलो असतो तर आणखी बरं.

त्या संध्याकाळी मी वही मांडीवर, टेबलक्लॉथच्या आड ठेवली आणि अंडी वाढता वाढता सहज म्हटलं, “बाबा, आज ऑफिसात कुणीतरी म्हणत होतं, सीमा बंद झाली तरी काही बिघडत नाही.”

झालं. बाबांनी चमचा खाली ठेवला.

“बावीस वर्षं मी लोकांच्या पिशव्या उघडल्या. काय निघायचं? नाइटगाऊन. खोकल्याचं औषध. बहिणीनं दिलेलं लोणी. एकदा एका म्हातारीच्या पिशवीत बंद पडलेलं घड्याळ निघालं, पलीकडे एकच माणूस ते दुरुस्त करतो म्हणून. मी तिला पाऊण तास उभी केली. पाऊण तास! चोर सापडला का एक तरी? खरे चोर माझ्या नाक्यावर कधी आलेच नाहीत, ते दुसऱ्या वाटेनं जातात. ज्यांना माझी भीती वाटायची ते सगळे साधे लोक होते.”

‘सीमेवरील तपासणीचा त्रास प्रामुख्याने सामान्य नागरिकांस होतो,’ मी टेबलाखाली लिहिलं. तोटे, ओळ पहिली.

“ते ठीक आहे हो बाबा,” नवरा म्हणाला. बाबांशी बोलताना तो ‘हो’ लावतो, म्हणजे तो पेटलाय असं समजायचं. “पण तिकडे लांबच्या शहरात बसलेला साहेब मला सांगणार, गाडीच्या टपावर पाटी किती सेंटिमीटरची लाव! त्यानं आपला बाजारचौक पाहिलाय? त्याला म्हणावं, ये आणि तिथे भाजीवाल्यांच्या मधून एकदा रिव्हर्स घेऊन दाखव.”

‘स्थानिक परिस्थितीशी सुसंगत नियम देशातच करता येतील.’ फायदे, ओळ पहिली.

पंधरा दिवस हे चाललं. फायदे मागे पडले की मी नवऱ्याला काडी लावायची, तोटे मागे पडले की बाबांना. एका बुधवारी फायदे सतरा आणि तोटे अकरा झाले तेव्हा मात्र मला जरा कष्ट पडले. बाबांचं पोट बिघडलं होतं आणि ते भांडायला तयार नव्हते. शेवटी मी नवऱ्याला त्यांच्या खोलीत चहा घेऊन पाठवलं आणि जाताना म्हटलं, “बाबा म्हणत होते, जावईबापूंना महासंघाचं पूर्ण नाव तरी माहीत आहे का म्हणून विचार.” बाबा काही म्हणाले नव्हते. पण दहा मिनिटांत वरून आवाज यायला लागले. मी जिन्यात बसून आठ ओळी उतरवून घेतल्या.

मला लाज वाटली का? थोडी वाटली. पण खरं सांगायचं तर त्या पंधरा दिवसांत मला इतकी मजा आली, जितकी ‘कुत्रा चावल्यास’ लिहिताना कधीच आली नव्हती.

मसुदा तयार झाला तेव्हा तो तपासायला दोन निरीक्षक आले. एक बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या बाजूचे, गलेलठ्ठ, सतत रुमालानं मान पुसणारे. दुसऱ्या आत राहू पाहणाऱ्यांच्या बाजूच्या बाई, सडपातळ, चष्मा साखळीला बांधलेला. दोघांनी आपापली फुटपट्टी आणली होती. मॅडमची धरून टेबलावर तीन फुटपट्ट्या झाल्या.

पहिला दिवस ‘शकते’ आणि ‘शकेल’मध्ये गेला. “‘महागाई वाढू शकते’ म्हणजे वाढणारच असं वाटतं,” रुमालवाले म्हणाले. “‘शकेल’ करा.” मग चष्मेवाल्या बाईंनी तोट्यांमधले सगळे ‘शकेल’ मोजले आणि समोरच्या पानावर तेवढेच मागितले.

दुसऱ्या दिवशी प्रश्न निघाला, आधी कोण? फायदे पहिल्या पानावर, तर तोटे मागे पडतात. तोटे आधी, तर माणूस घाबरून फायद्यापर्यंत पोचतच नाही. मॅडमनी उपाय काढला. पत्रक दोन्ही बाजूंनी उघडायचं. एकीकडून धरलं तर फायदे, उलटं करून धरलं तर तोटे. त्यामुळे पत्रकाला मागची बाजूच राहिली नाही. हसरा माणूस मधल्या घडीत गेला आणि तिथे तो आडवा पडून हसत होता.

तिसऱ्या दिवशी बाईंचं बोट एका वाक्यावर थांबलं. “‘आपले निर्णय आपण घेऊ.’ हे फायद्यात का?”

“मग कुठे असणार?” रुमालवाले म्हणाले.

“तोट्यात. आपण आजवर स्वतः घेतलेले निर्णय आठवा. घाटातला पूल आठवा.”

रुमालवाल्यांनी पूल आठवला. तो पूल नदीच्या ज्या बाजूला सुरू होतो त्याच बाजूला संपतो. ते मान पुसू लागले. मग मॅडम म्हणाल्या, “दोन्हीकडे टाकू.” आणि खरोखर ते वाक्य दोन्हीकडे छापलं गेलं, फायद्यात सातवं आणि तोट्यात सातवं. लाखो प्रती निघाल्या. एकाही माणसाची तक्रार आली नाही.

पत्रक आमच्या घरी शनिवारी सकाळी पडलं. मी चहा ओतत होते. बाबांनी ते तोट्याकडून धरलं, नवऱ्यानं पलीकडून वाकून फायद्याकडून वाचायला सुरुवात केली.

“हे कुठल्या शहाण्यानं लिहिलंय?” बाबा म्हणाले. “‘सीमेवरील तपासणीचा त्रास प्रामुख्याने सामान्य नागरिकांस होतो.’ याला काय कळतं तपासणीतलं? हा कधी नाक्यावर उभा तरी राहिलाय का? घरात बसून लिहिलेलं आहे सगळं.”

“घरात बसूनच,” मी म्हटलं आणि साखर पुढे केली.

“माझ्या बाजूचं तर मुद्दाम मिळमिळीत केलंय,” नवरा म्हणाला. “‘स्थानिक परिस्थितीशी सुसंगत!’ असं माणूस बोलतो का कधी? लिहिणारा आतवाल्यांचा हस्तक आहे, सांगून ठेवतो.”

“आतवाल्यांचा? अहो जावईबापू, हा सरळ सरळ बाहेरवाल्यांचा माणूस आहे!”

मी चहाचा कप तोंडासमोर धरला आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही.

मतदान झालं. बाहेर पडणारे जिंकले, पण इतक्या थोडक्यात, की निकाल सांगणाऱ्या बाईनं आकडा दोनदा वाचला. नवऱ्यानं केक आणला. बाबा म्हणाले, मला गोड चालत नाही, आणि वर निघून गेले. सकाळी फ्रिज उघडला तर केकचा एक कोपरा गायब होता. सुरीनं सरळ कापलेला, शिस्तीत. मी कुणालाच काही विचारलं नाही. मी कुणाला मत दिलं तेही मला कुणी विचारलं नाही. दोघांनाही खात्री होती की मी त्यांच्यासारखंच दिलं असणार.

प्रत्यक्ष बाहेर पडायला दीड वर्ष लागलं. आणि मग सरकारच्या लक्षात आलं की सीमा आहे म्हटल्यावर नाका लागणार, नाका म्हटल्यावर माणसं लागणार, आणि ते काम येणारी माणसं एक तर वारली आहेत किंवा माझ्या वडिलांसारखी वरच्या खोलीत बसून रेडिओशी वाद घालतायत. बाबांना पत्र आलं. ‘आपल्या अनुभवाची देशास गरज आहे.’

“मुळीच जाणार नाही,” बाबा म्हणाले. “तत्त्वाचा प्रश्न आहे.”

तत्त्व चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी इस्त्रीचा वास आला म्हणून वर गेले, तर बाबा जुन्या गणवेशाच्या पँटला कडक घडी पाडत होते.

“फक्त बघतोय, मापाला होते का,” ते म्हणाले. होत नव्हती. मी कमरेला दोन बोटं कापड घातलं आणि कोटाची बटणं सरकवून लावली. सोमवारी सकाळी बाबा सातच्या बसनं नाक्यावर गेले. खरं सांगते, इतकी वर्षं मी त्यांना होड्यांच्या खात्यात जाताना पाहिलं होतं, पाय ओढत. त्या दिवशी ते फाटकातून असे बाहेर पडले, की शेजारीण मला विचारायला आली, कोण पाहुणे आले होते म्हणून.

नवऱ्याचं मात्र वेगळंच झालं. शिकाऊ लोक क्लच जाळतात. हा निसर्गनियम आहे, तो महासंघानं केलेला नाही. त्याच्या चारही गाड्या शेजारच्या देशात बनलेल्या. पूर्वी फोन केला की तिसऱ्या दिवशी क्लच प्लेट दारात यायची. आता फोन केला आणि तीन आठवडे काहीच आलं नाही. चारातल्या दोन गाड्या अंगणात विटांवर उभ्या राहिल्या. मग एक कार्ड आलं: ‘आपले पार्सल सीमानाक्यावर आहे. आवश्यक कागदपत्रांसह समक्ष भेटावे.’

“बाबांना सांग ना, येताना घेऊन या म्हणावं,” नवरा मला म्हणाला.

मी बाबांना सांगितलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शेजाऱ्याच्या झाडावरचे आंबे चोरायला सांगितलं होतं. “सरकारी मालाला मी घरचा म्हणून हात लावू? त्यांना रांगेत यायला सांग.”

गुरुवारी मी रजा घेतली आणि नवऱ्याबरोबर गेले. काळजीपोटी गेले असं मी सगळ्यांना सांगते.

नाक्याची इमारत पंचवीस वर्षं बंद होती. नवीन रंगाखालून ओलीचे नकाशे वर आले होते. एका भिंतीला लाकडी बाकं, समोर काचेच्या तीन खिडक्या. पहिली बंद. दुसऱ्या खिडकीमागे पांढऱ्या अंबाड्याच्या एक बाई कागदांना टाचण्या लावत होत्या. त्यांनाही निवृत्तीतून परत बोलावलं होतं. बाबा घरी त्यांचा उल्लेख ‘टाचणीबाई’ असा करत आणि करताना नाक मुरडत. तिसऱ्या खिडकीत बाबा.

तास गेल्यावर आमचा नंबर आला.

“पुढचे!” बाबांनी मान वर न करता हाक मारली. “अर्जदाराचं नाव?”

“बाबा, सकाळी मला अंडं सोलून दिलंत तुम्ही,” नवरा म्हणाला.

“अर्जदाराचं पूर्ण नाव.”

नवऱ्यानं नाव सांगितलं. बाबांनी ते लिहून घेतलं आणि एका अक्षराबद्दल शंकाही विचारली.

“माल कुठल्या देशात बनला?”

“शेजारच्या.”

“अख्खा?”

“म्हणजे?”

“प्लेट शेजारच्या देशातली. हे मान्य. स्प्रिंगवर दुसऱ्याच देशाचा शिक्का आहे. आणि खोक्यावर तिसऱ्याचा. मूळ देश एकच लिहायचा आहे, रकाना अकरा.”

“मग स्प्रिंग काढून ठेवू का?”

“काढलीत तर दोन पार्सलं होतील. दोन अर्ज लागतील.”

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, पाळ्या लाल झाल्या की पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे.

“बाबा, अहो, दोन गाड्या विटांवर उभ्या आहेत माझ्या!”

“बाहेर तुम्हाला पडायचं होतं, जावईबापू. मी नको म्हणत होतो.”

“हो, आणि नको म्हणणारे तुम्ही इथे मजेत खुर्चीवर बसलाय, आणि हो म्हणणारा मी रांगेत!”

हे अगदी खरं होतं. बाबांनी खिडकीतून एक घडीचं पत्रक बाहेर सरकवलं. “अर्ज कसा भरावा ते यात लिहिलंय. वाचून या.”

नवऱ्यानं वाचायला सुरुवात केली. पत्रकाच्या कोपऱ्यात आमच्या चित्रकाराचा माणूस पार्सल कवटाळून हसत होता. “‘मालाच्या मूळ देशाबाबत संदेह असल्यास मूळ देश नमूद करावा.’ हे काय आहे? संदेह आहे म्हणूनच तर वाचतोय ना! कोण मूर्ख लिहितो हे?”

“ते वाक्य मलाही पटलेलं नाही,” बाबा म्हणाले. “ज्यानं लिहिलंय त्याला इथे आठ दिवस बसवलं पाहिजे.”

“मी लिहिलंय,” मी म्हटलं.

आता, गुपित राखायचं असं मॅडमना वचन दिलं होतं खरं. पण ते मतदानाच्या पत्रकाबद्दल, या पत्रकाबद्दल नव्हतं. मी इथेच थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण ते दोघं माझ्याकडे असे आ वासून बघायला लागले, की माझी जीभ सैल सुटली.

“आणि ते फायद्या-तोट्यांचंही मीच लिहिलं होतं.”

बाबांनी पेनाला टोपण लावलं.

“ते... ‘सामान्य नागरिकांस’?” बाबांनी विचारलं.

“तुमचंच वाक्य होतं. म्हातारीचं घड्याळ आठवा. मी फक्त त्याला टाय लावला.”

नवरा हळूहळू हिशोब लावत होता. “म्हणजे तू तेव्हा रोज जेवताना... आणि मला चहा घेऊन वर पाठवलंस तो दिवस...”

“बाबा तुला काही म्हणाले नव्हते. मला तोटे कमी पडत होते.”

“मी काही म्हणालोच नव्हतो?” बाबा उठून उभे राहिले. “त्या दिवशी माझं पोट ठीक नव्हतं! आणि हे येऊन माझ्यावर ओरडायला लागले!”

“मला वाटलं तुम्ही माझी अक्कल काढलीत!”

“अहो, मी झोपलो होतो!”

आणि मग एक अजब गोष्ट घडली. अडीच वर्षांत ज्यांचं एका विषयावर एकमत झालं नव्हतं, ते दोघं काचेच्या दोन्ही बाजूंनी माझ्याकडे वळले आणि एका सुरात मला बोलायला लागले. घरात पेरलेला हेर. सख्ख्या बापाची वाक्यं चोरते. नवऱ्याला नाचवते. बाबा म्हणाले, “बघा जावईबापू, तरी मी लग्नाच्या वेळी तुम्हाला सावध केलं होतं.” नवरा म्हणाला, “केलं होतंत बाबा, मीच ऐकलं नाही.” रांगेतले लोक पुढे सरकून ऐकायला लागले होते. एकानं तर मला विचारलं, “ताई, ‘कुत्रा चावल्यास’ पण तुमचंच का?”

“काय गोंधळ आहे?” दुसऱ्या खिडकीतून टाचणीबाईंचा आवाज आला. “अर्जदार तुमचे कोण?”

“जावई,” बाबा म्हणाले.

“मग तुम्ही त्यांचं पार्सल तपासूच शकत नाही. नियम चार. नातेवाइकांचा माल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. आणा इकडे.”

बाबांचा चेहरा पडला. खोकं दुसऱ्या खिडकीत गेलं. टाचणीबाईंनी क्लच प्लेट बाहेर काढली, उलटीपालटी केली.

“काय करता तुम्ही?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“ड्रायव्हिंग शिकवतो.”

“शिकवता? मग हे शैक्षणिक साहित्य झालं. त्याला अर्ज लागत नाही, मूळ देश लागत नाही, काही लागत नाही. पन्नास वर्षांपासूनची सूट आहे. सही करा आणि घेऊन जा.”

सगळं मिळून दोन मिनिटं. नवऱ्यानं सही केली, खोकं छातीशी धरलं आणि तिसऱ्या खिडकीकडे पाहिलं. बाबा शाईच्या पॅडवर नको तितक्या काळजीनं शाई घालत होते.

“बाबा,” मी काचेशी वाकून हळूच विचारलं, “ही सूट तुम्हाला आठवत नव्हती?”

“वय झालं आता,” बाबा म्हणाले. “पुढचे!”

ज्या माणसाला पंचवीस वर्षांपूर्वीच्या म्हातारीच्या पिशवीतलं घड्याळ आठवतं, त्याला ही सूट आठवत नव्हती! पण मी काय तोंडानं बोलणार?

घरी माझ्याशी दोघांनी आठ दिवस अबोला धरला. त्यांचं आपसात मात्र छान चाललं होतं. माझ्यासमोर महासंघाचा विषय काढायचा नाही असं ठरवून ते फाटकापाशी उभे राहून कुजबुजत भांडत, आणि मी जवळ गेले की हवापाण्याबद्दल बोलत. मी एकदा सहज रिकामी वही टेबलावर ठेवली तर बाबांनी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवले.

अबोला सुटला तो बसमुळे. नाक्याकडे जाणारी सातची बस महासंघाच्या मदतीवर चालायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या एकोणीस ओळींतही ते नव्हतं. एका सकाळी बाबा थांब्यावर गेले आणि कोटाला दव लागेपर्यंत उभे राहून परत आले. नाका गावापासून अकरा किलोमीटर. नवऱ्याचे धडे सहाला सुरू होतात, कारण महासंघाचे परवाने आता चालत नाहीत, म्हणून अर्धं गाव नव्यानं परीक्षेला बसलंय. त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि मला गाडी येत नाही. मी नवऱ्याकडून शिकायचा प्रयत्न केला होता. आमचा संसार टिकावा म्हणून सोडून दिला.

बाबा दोन दिवस अकरा किलोमीटर चालले. तिसऱ्या दिवशी जेवताना घसा खाकरून म्हणाले, “जावईबापू, माझ्या वयाच्या माणसाला किती दिवस लागतील शिकायला?”

नवऱ्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पण तो शहाणा आहे. तो फक्त म्हणाला, “बघू या. रविवारी सकाळी बसा.”

रविवारी दोघांनीही मला मागच्या सीटवर बसायला लावलं. वाद झाला तर साक्षीदार हवा म्हणून. वही न्यायची नाही, अशी दोघांची अट होती. बाजारचौक रिकामा होता. बाबांनी आरसा लावला, पट्टा लावला, सीट दोनदा पुढे-मागे केली, आणि सुरू करण्याआधी गाडीची कागदपत्रं मागून तपासली. मग पाच वेळा गाडी बंद पडली. नवरा एकदाही ओरडला नाही. बाहेरच्या शिकाऊंवर तो पहिल्या मिनिटाला ओरडतो. सहाव्या वेळी गाडी हलली. बाबांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, पण आम्ही चाललो होतो, भाजीवाल्यांच्या रिकाम्या ओट्यांना वळसे घालत, सायकलीच्या वेगानं.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी बाबा थांबले. उजवीकडून एक टेम्पो गेला. मग एक दूधवाला. मग दोन सायकली, मग एक रिकामी बस. बाबांनी सगळ्यांना जाऊ दिलं. प्रत्येकाकडे नीट पाहून, मान हलवून जाऊ दिलं. आमच्या मागे हॉर्न सुरू झाले.

“बाबा, जायला हरकत नाही आता,” नवरा म्हणाला.

“त्यांना घाई दिसते. जाऊ देत.”

“आपल्यालाही जायचंय ना.”

“कुठे?”

नवऱ्याचं डावीकडे बघून झालं, उजवीकडे बघून झालं. त्यानं ठरवलंच नव्हतं. “ते तुम्ही ठरवा,” तो शेवटी म्हणाला. “स्टिअरिंग तुमच्या हातात आहे.”

बाबांनी बराच विचार केला, घसा साफ केला आणि मोठ्या निश्चयानं डावीकडच्या इंडिकेटरची म्हणून एक दांडी ओढली. कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरायला लागले.